बोरसे मॅडम आणि दिवसाची वीज

आमच्या ऑफिसातला कूलर भर दुपारी बंद झाला, की ओळखायचं, कुठल्यातरी गावाची वीज कापली गेली आहे आणि बोरसे मॅडम ऑफिसात आहेत. त्या रजेवर असत्या, तर गावाची वीज कापली गेली असती, पण कूलर चालू राहिला असता. खानदेशात मे महिन्यात कूलरला घरातल्या वडीलधाऱ्यापेक्षा जास्त मान असतो. तो बंद करणाऱ्या बाईबद्दल आम्ही स्टाफचे लोक काय बोलत असू, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या कडेला, एक बाजारगाव आहे. नाव सांगत नाही, त्यातली बरीच माणसं अजून तिथेच आहेत आणि मलाही अधूनमधून तिकडे जावं लागतं. त्या गावाच्या सबस्टेशनवर मी ऑपरेटर होतो. ऑपरेटरचं काम म्हणजे पॅनलसमोर बसायचं, वरून फोन आला की सांगितलेला फीडर, म्हणजे एखाद्या गावाकडे जाणारी लाइन, बंद करायचा, पुन्हा फोन आला की चालू करायचा, आणि मधल्या वेळात लोकांच्या शिव्या खायच्या. शकुंतला बोरसे तिथे आमच्या साहेब होऊन आल्या. उंच, सावळ्या, आवाज असा की शिपायाला हाक मारली तर रस्त्यापलीकडचा टपरीवाला चहा घेऊन यायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी आपला नियम सांगितला. भार कमी करायची वेळ आली, तर पहिली बंद होणार ती ऑफिसची आणि त्यांच्या क्वार्टरची. मग पुढचं बघू. मी म्हटलं, "मॅडम, ऑफिसच्या एका कूलरनं असा किती भार वाचणार आहे?"

"काहीच नाही वाचणार," त्या म्हणाल्या. "पण सोनवणे, घाम आला की माणूस फोन लवकर करतो."

आणि ते खरंच होतं. पूर्वीचे साहेब वीज आल्यावर चौकशी करायचे, की मघाशी गेली होती ना. मॅडम पदराने मान पुसत वरच्या ऑफिसला फोन लावायच्या, पाच मिनिटांनी पुन्हा लावायच्या, आणि तिकडच्या माणसाला जीव नकोसा करून टाकायच्या. तिकडचे एक साहेब त्यांना तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे काय म्हणायचे, ते मॅडमना माहीत होतं. त्याचं त्यांना काडीचंही वाटायचं नाही.

त्यांचं माहेर पांझरेच्या काठचं, सासर सावद्याचं. नवऱ्याची तिकडे केळीची बाग. तो भला माणूस, नोकरीच्या गावी कधी राहायला आला नाही, पण एसटीच्या पार्सलने केळीचे घड पाठवायचा. घड आला की आठवडाभर ऑफिसात सकाळी केळी, दुपारी केळी. लाइनमन बापू तर म्हणायचा, "मॅडमनी बदली व्हयनी तं आमनी पचनशक्ती सुधरी." मॅडमनी ते ऐकलं आणि त्याच्या हातात आणखी दोन केळी ठेवली.

राग नाकाच्या शेंड्यावर. पण राग येण्याची त्यांची ठिकाणं वेगळी होती. कोणी उशिरा आलं तर रागवायच्या नाहीत. कोणी गावकऱ्याला फोनवर "वरून गेली आहे" असं सांगितलं, की मात्र संपलं. "वर म्हणजे कुठे? आभाळात?" त्या विचारायच्या. "तू बंद केलीस ना? मग सांग की मी बंद केली, अमुक कारणाने केली, अमुक वाजता देतो. शिव्या देतील, द्या म्हणावं. पगारात धरल्या आहेत त्या." आम्हाला हे अवघड जायचं. माणसाला वीस वर्षं एक थाप मारायची सवय झाली, की खरं बोलताना जीभ अडखळते.

आता खैरदऱ्याबद्दल सांगतो, कारण मॅडम म्हटलं की मला खैरदरंच आठवतं.

खैरदरं आमच्या सबस्टेशनपासून जवळ, अगदी डोंगराच्या कुशीत. विहिरीवर कांदा, गहू, थोडी भाजी. शेतीची वीज वर्षानुवर्षं रात्रीची. का, तर दिवसा बाजारगावाला वीज लागते, आमचा ट्रान्सफॉर्मर जुना, दोन्ही भार एकदम पेलत नाही. मग शेतकऱ्याने उठावं रात्री, असा सरळ हिशोब. हा हिशोब ज्यांनी केला ते रात्री झोपत होते.

इंदूबाई नावाची एक बाई खैरदऱ्याची. नवरा दर हंगामाला ऊसतोडीला गुजरातेत. पाणी भरायचं तिनेच, रात्री, एकटीने. एक दिवस ती अर्ज घेऊन आली, मॅडमनी तिला खुर्चीवर बसवलं आणि काय म्हणणं आहे ते विचारलं. अर्ज तसाच हातात राहिला.

"ताई, तुम्ही बिबट्या देखा शे का कधी?" इंदूबाई म्हणाली. "मी देखा शे. बांधवर बठेल व्हता. बॅटरी मारी तं हालना बी नही. मी पानी सोडीसन घर कशी जाऊ? तो तठे बठना, मी आठे उभी. लाईट गयी तवय तो गया."

मॅडमनी तिच्या हातातला अर्ज घेतला. मग इंदूबाईला म्हणाल्या, "तुमच्या गावाला दिवसाची वीज मिळेल. मी बोलते आहे हे." मी पॅनलजवळून ऐकलं आणि कपाळाला हात लावला. साहेब लोक असं बोलत नसतात. प्रयत्न करू, वर कळवू, शासनाच्या विचाराधीन आहे, असं बोलायचं असतं.

पण त्या सुमारास गायरानावर सोलर प्लांट बसवण्याची योजना आली होती. प्लांटची वीज आमच्याच सबस्टेशनमध्ये यायची, म्हणजे दिवसा जुन्या ट्रान्सफॉर्मरचा निम्मा भार हलका, आणि त्या जोरावर खैरदऱ्याला दिवसा वीज. जागेवरून दोन गावांत भांडण होतं, योजना दुसऱ्या तालुक्यात जायच्या बेतात होती. मॅडम ग्रामसभांना जाऊन बसल्या. मोठं भाषण नाही. "रात्रीची वीज ही वीज नाही, शिक्षा आहे. काय गुन्हा केला तुम्ही, ते मला सांगा," एवढंच म्हणायच्या आणि खाली बसायच्या. प्लांट झाला. खैरदऱ्याचा फीडर दिवसावर आला. पहिल्या सकाळी गावातून ऑफिसात पेढे आले, आणि पेढे खाऊन होईपर्यंत फीडर ट्रिप होऊन बंद पडला.

दुसऱ्या सकाळी पुन्हा. तिसऱ्या सकाळी पुन्हा. मी फीडर चालू करायचो, तो क्षणभर टिकायचा आणि धाड. त्याच्या धक्क्याने सोलर प्लांटही आपोआप बंद पडायचा आणि सावकाश, आपल्या मर्जीने पुन्हा सुरू व्हायचा. लोक म्हणायला लागले, सोलरचं हे असंच, उन्हाचं काय खरं. उन्हाचा बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. दोष ऑटोचा होता.

ऑटो म्हणजे मोटारीच्या स्टार्टरवर लावलेली एक लहानशी डबी. वीज आली की मोटार आपली आपण सुरू. रात्रीच्या विजेने ही डबी घरोघर नेली होती. कोण उठणार, कोण अंधारात विहिरीवर जाणार? डबी लावायची आणि झोपायचं. आता वीज दिवसाची झाली, माणसं जागी, पण डबी तशीच. सकाळी मी फीडर चालू केला, की सगळ्या शिवारातल्या मोटारी एकाच वेळी उठायच्या. कुठला फीडर टिकेल?

इथे मॅडम चुकल्या. चूक त्यांच्या स्वभावाला साजेशी होती. लाइनमन घेतले, खैरदरं गाठलं आणि डब्या काढायला सुरुवात केली. न विचारता. दहाबारा डब्या काढून होईपर्यंत गाव जमलं, मॅडमना ग्रामपंचायतीत नेलं आणि बाहेरून कडी घातली. बापू मागच्या वाटेने पळाला आणि धापा टाकत मला सांगायला आला. मी पोलिसांना फोन करू का म्हणून मॅडमना विचारलं, मोबाइल त्यांच्याकडेच होता.

"कशाला? पंखा चालू आहे इथला," त्या म्हणाल्या. "गावाला राग आला आहे. येऊ दे. मीच आणला आहे."

मी गेलोच शेवटी, ऑपरेटरची ड्यूटी दुसऱ्यावर टाकून. पोहोचलो तेव्हा कडी निघाली होती, मॅडम पायरीवर बसल्या होत्या, आणि समोर दगा आबा. दगा आबा म्हणजे गावातला सगळ्यात म्हातारा आणि सगळ्यात तिरसट माणूस. बाजूला इंदूबाई, मॅडमसाठी पाण्याचा तांब्या घेऊन. मॅडम ऑफिसात पुस्तकी मराठी बोलायच्या, पण इथे त्या माहेरच्या बोलीवर आल्या होत्या.

"ऑटो काढी लिधी, आनि सकाय तुम्ही परत रातनी लाईट करी दिधी तं?" आबा म्हणत होते. "तुम्हना काय भरोसा?"

"भरोसा नकाच धरू," मॅडम म्हणाल्या. "आबा, तुम्ही फडना पाटकरी व्हतात ना?"

आबांनी मान हलवली. हे इथल्या लोकांना समजावून सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. पांझरेवर आणि तिच्या बहिणींवर जुने बंधारे आहेत. बंधाऱ्याच्या पाण्याखालची जमीन फडांत वाटलेली असते, वरला फड, मधला फड, खालचा फड. पाणी पाळीने फिरतं. पाळी सांभाळणारा पाटकरी गावानेच नेमलेला, आणि त्याच्या शब्दाबाहेर कोणी जात नाही. खैरदऱ्याचा बंधारा गाळाने भरला, विहिरी आल्या, मोटारी आल्या, पण शेतांना लोक अजून फडाच्या नावानेच ओळखतात.

"फडनं पानी कसं चालस?" मॅडमनी विचारलं.

"पाळीवर."

"पाळी कोनी मोडी तं?"

"मोडस कोन?" आबा जरा तडकूनच म्हणाले. "मन्हा बाप पाटकरी, मी पाटकरी. कोनी मोडी नही."

"मंग लाईटनी पाळी कसाले मोडतस तुम्ही?"

गर्दीतला एक शहाणा म्हणाला, लाईट सरकारची, पाणी गावाचं, दोन्हीत फरक आहे. मॅडम त्याच्याकडे वळल्या. "रातले सरकार येत व्हतं का पानी भराले? सरकारनी व्हती तवय तुम्हले रातले उठाडे. आते गावनी करा, दिनले ऱ्हाई." आणि मग उभ्या राहून, "डब्या मी न इचारता काढ्यात, ते मन्हं चुकनं. बठ्ठ्या परत देस. काढनं व्हई तं तुम्हीच काढा."

डब्या खरंच परत दिल्या. बापू हळहळला. पण संध्याकाळच्या आत आबांनी काठी टेकत शिवार फिरायला घेतलं, आणि पुढच्या दोन दिवसांत लोकांनी आपल्या हाताने डब्या काढल्या. सगळ्यांनी नाही, असं कुठे होत नसतं, पण पुरेशांनी. सकाळी आधी वरल्या फडाच्या मोटारी, मग मधल्या, मग खालच्या. फीडर उभा राहिला.

पण तोपर्यंत आधीच्या ट्रिपांचे अहवाल वर पोहोचले होते. आदेश आला. येत्या सोमवारपर्यंत फीडर एकदा जरी पडला किंवा बंद करावा लागला, तर खैरदरं पुन्हा रात्रीवर. धुळ्याच्या ऑफिसातून त्या ताई म्हणणाऱ्या साहेबांनी समजुतीचा फोनही केला, "ताई, पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? एका गावाचा प्रश्न आहे."

"एकाच गावाचा आहे ना? मग द्या की," मॅडम म्हणाल्या.

आठवडा नीट गेला. रविवारी आभाळ भरून आलं. पाऊस पडेना, नुसते जाड, करडे ढग. आणि त्याच दिवशी बाजारगावात मोठा कार्यक्रम. विषय, हरित ऊर्जा. मंडप, खुर्च्या, मोठे पुढारी, पाठीमागे सूर्याचं हसरं चित्र. माझ्यासमोर सोलर प्लांटची वीज उतरत चालली होती आणि सगळा भार म्हाताऱ्या ट्रान्सफॉर्मरवर यायला लागला होता. तेवढ्यात वरून फोन. ठरलेला नियम, भार जास्त झाला की आधी शेतीचा फीडर बंद. खैरदरं काढा.

मी मॅडमकडे बघितलं. खैरदरं बंद केलं, की उद्या सोमवारी इंदूबाई पुन्हा रात्रीच्या पाण्याला. एवढं साधं होतं ते. ट्रान्सफॉर्मर तापत होता, काहीतरी बंद करावंच लागणार होतं, त्याबद्दल वाद नव्हता.

मॅडमनी फोन माझ्या हातातून घेतला. "भार कमी करते आहे. गावठाण फीडर बंद करते," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. गावठाण म्हणजे बाजारगाव. म्हणजे बाजारपेठ, आमचं ऑफिस, मॅडमचं क्वार्टर, आणि तो मंडप.

"मॅडम, मंडपात जनरेटर आहे ना?" मी विचारलं. काहीतरी विचारायचं म्हणून.

"असेल. दवाखान्यालाही आहे, विचारून घेतलं आहे मी. बंद करा. आदेश माझा, तुमचं नाव कुठेही येणार नाही."

मी बंद केला. मंडपातला जनरेटर, तो भाड्याने आणणाऱ्याने स्वतःच्या तोंडाने सांगितल्याप्रमाणे, "सकाळपर्यंत तर चालू होता." ऐन भाषणात ध्वनिक्षेपक गप्प झाला. सगळी सभा घामाने निथळायला लागली. आणि बोरसे मॅडम चालत मंडपात गेल्या. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. मी तिथे नव्हतो, पण बापू होता, आणि बापूने ही गोष्ट मला इतक्या वेळा सांगितली आहे की मी असतो तरी एवढं दिसलं नसतं. मॅडम स्टेजसमोर उभ्या राहिल्या आणि आपल्या त्या आवाजात म्हणाल्या, "वीज मी बंद केली आहे. ढगांमुळे सोलरची वीज कमी पडते आहे. कोणाचा तरी फीडर बंद करणं भाग होतं. खैरदऱ्याचे लोक पाळीने पाणी भरत आहेत, त्यांची पाळी मी मोडणार नाही. ढग हटले की वीज देते." नमस्कार केला आणि निघून आल्या. बापू म्हणतो, मागच्या खुर्च्यांवर दोघाचौघांनी टाळ्या वाजवल्या आणि मग आजूबाजूला बघून हात खाली घेतले.

ढग दुपारनंतर हटले. खैरदऱ्याचा फीडर सोमवारपर्यंत एकदाही पडला नाही, त्यामुळे आदेशाप्रमाणे गाव दिवसावरच राहिलं. कागदाला कागद पुरा झाला होता, कोणाला काही करता येईना. मग जे करायचं ते मॅडमचं करण्यात आलं. बदली, जळगावच्या स्टोअरमध्ये. म्हणजे तारा, खांब, इन्सुलेटर आणि धूळ. फोन नाही, फीडर नाही. मला भयंकर राग आला होता, आजही येतो. निरोप समारंभ करू म्हटलं तर त्यांनी साफ नाही म्हणून सांगितलं. "शाल कशाला, मे महिना आहे," म्हणाल्या, आणि एसटीने गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते धुळ्यात. विजेच्या धोरणावर जनसुनावणी होती. मी तोवर निवृत्त झालो होतो, उगाच गेलो. खैरदऱ्याला दिवसाची वीज मिळाली खरी, पण ढग आले की आधी शेतीचा फीडर बंद, हा नियम होता तसाच होता. मॅडमच्या जागी आलेले साहेब तो पाळत होते. चांगले होते बिचारे, नियमाने चालणारे. ढगाळ आठवडा आला, की खैरदरं बंद, आणि राहिलेलं पाणी भरायला रात्री दोन तास वीज. इंदूबाई पुन्हा बॅटरी घेऊन बांधावर. आणि आता तोच नियम सोलरवरच्या सगळ्या गावांसाठी पक्का करायचा वीज कंपनीचा मसुदा त्या सुनावणीपुढे होता.

पुढे अधिकारी, मधे उद्योजक, शेवटी शेतकरी, अशी बसण्याची रीत. शेवटच्या रांगेत खैरदऱ्याच्या चारपाच बायका होत्या, त्यांत इंदूबाई, आणि तिच्या शेजारी बोरसे मॅडम. केस बरेच पिकले होते. रजा टाकून आल्या होत्या, असं नंतर कळलं. एक साहेब पडद्यावर चित्रं दाखवून सांगत होते, की अक्षय ऊर्जा ही निसर्गावर अवलंबून असल्याने कृषी ग्राहकांनी थोडी लवचिकता दाखवावी. इंदूबाईने मॅडमना हळूच काहीतरी विचारलं. लवचिकता म्हणजे काय, तेच विचारलं असणार. मॅडम तिच्या कानाशी काहीतरी बोलल्या आणि उठल्या.

"नाव?" समोरच्या टेबलावरून विचारलं गेलं.

"शकुंतला बोरसे."

टेबलावर कुजबुज झाली. कोणीतरी ओळखलं असावं. मधले गृहस्थ चष्मा सारखा करत म्हणाले, "बाई, आपण सेवेत आहात. सेवेतल्या माणसाला इथे कंपनीच्या प्रस्तावाविरुद्ध बोलता येत नाही. आपण बोललात, तर आपल्यावर कारवाई होईल."

मॅडमनी पदर खोचला. इंदूबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिलाही उभं केलं.

"करा," त्या म्हणाल्या. "आधी हिचं ऐका, मग माझं ऐका, आणि मग करा."